डोळ्याला तीट

१

दिवसभर रिकाम्या डब्यात डोकावणं हे माझं काम. घरी कुणी पाहुणा आला की माझा नवरा मौलाली तोऱ्यात सांगतो, "आमची हाफिजा चेकर हाय." पाहुण्याला वाटतं मी एस.टी.तली चेकर. मग मौलालीला तुपाचा डबा काढून दाखवावा लागतो आणि पाहुण्याचा चेहरा उतरतो.

शिरोलीच्या एमआयडीसीत आमचा डब्यांचा कारखाना आहे. डाग देण्याच्या, म्हणजे कथलानं सांधे जोडण्याच्या, मशीनमधून किलोचे डबे पट्ट्यावरून घरंगळत येतात. पट्ट्याच्या शेवटी ट्यूबलाइटखाली एक टेबल, आणि टेबलाशी आम्ही दोघी, मी आणि बनाबाई. डबा उचलायचा, आत बघायचं, अंगठा काठावरून गोल फिरवायचा. चांगला डबा उजवीकडे उभा ठेवायचा. आत कथलाचा कण असेल, ओरखडा असेल, काठाला कूस, म्हणजे बोचरी कड, असेल, तर डबा बाद. बाद डबा डावीकडे उपडा ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा कुणी चुकून उचलत नाही.

यात अवघड एकच गोष्ट. कोऱ्या डब्याचा तळ लखलखीत असतो आणि आत बघितलं की तळातून आपलाच चेहरा वर बघतो. नव्या पोरी डबा बघता बघता केस सारखे करतात. मी कामाला लागले तेव्हा बनाबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डबा बघायचा, आपल्याला न्हाय." हळूहळू सवय होते. मला माझा चेहरा दिसेनासा होऊन बरीच वर्षं झाली होती.

या वर्षी गणपती गेले आणि डब्यात डाग दिसायला लागला. तळाच्या डाव्या बाजूला, पुसट, उभा. मी ते डबे उपडे ठेवत गेले. थोड्या वेळानं आमचा फोरमन कृष्णात दोन डबे हातात घेऊन आला.

"हाफिजामावशी, ह्यात काय वंगाळ हाय? मला तर काय घावंना."

मी डबा घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. आत काहीही नव्हतं. परत ट्यूबलाइटखाली आणला, तर डाग होता.

"डोळ्यात कचरा गेलाय," मी म्हणाले. बनाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि पुढचा डबा उचलला.

डाग डब्यात नव्हता, म्हणजे डोळ्यात होता. सरळ हिशेब. आता डोळ्यात डाग असेल तर तो भिंतीवरही दिसायला हवा, तव्यावरही दिसायला हवा. माझा फक्त डब्यातच दिसायचा. पण डब्यासारखं टक लावून मी दुसरीकडं बघते तरी कुठं, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्याच आठवड्यात जेवताना मौलालीच्या दाताखाली खडा आला. माझ्या घरात भाताला कधी खडा लागला नव्हता. त्यानं खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि तो जेवत राहिला. तो खडा बघून मला कळून चुकलं की आपला डोळा चाललाय.

मला भीती नाही वाटली. लाज वाटली. कारखान्यात माझ्या नावावर म्हणच पडली होती, हाफिजाच्या नजरेतनं मुंगीचा पाय सुटत न्हाय. आता नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. माझ्याआधी टेबलावर तानाबाई होती. तिला चष्मा लागला तेव्हा कारखान्याच्या साहेबांनी तिला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगार निवडायला बसवलं. ती पाणी प्यायला आली की बाकीच्या बायका बोलायच्या थांबायच्या. मला त्या शेडमध्ये जायचं नव्हतं.

मान थोडी उजवीकडं कलती केली की डाग कडेला सरकतो, हे मला सापडलं. मग मी तशीच बघायला लागले.

२

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कॅमेरा आला.

पुण्याचे देवधर साहेब त्याच्याबरोबर आले होते. पट्ट्यावर त्यांनी एक काळी पेटी बसवली. पेटीच्या पोटाशी काच, काचेभोवती दिव्याचं गोल कडं. तिथून एक वायर बाजूच्या छोट्या टीव्हीला जोडलेली. पट्ट्यावरचा डबा पेटीखाली आला की त्याचा तळ टीव्हीत दिसायचा, राखाडी रंगाचा, रोटीएवढा गोल. खराब डबा दिसला की हवेचा फटकारा बसून तो पट्ट्यावरून बाजूला उडणार होता.

"हा डोळा थकत नाही, जांभई देत नाही, गप्पा मारत नाही," देवधर साहेब म्हणाले. हे ते आमच्याकडं बघून म्हणाले.

"मुतायला बी जात नसंल," बनाबाई पुटपुटली. मला हसू आवरेना.

पण त्या डोळ्याला आधी शिकवावं लागतं. चांगला डबा कसा असतो ते त्याला दाखवायचं, म्हणजे तो ते ध्यानात ठेवतो आणि पुढं ज्या डब्यात वेगळं काही दिसेल तो उडवतो. देवधर साहेबांनी विचारलं, "नमुन्याचे डबे कोण निवडणार?" कृष्णातनं माझ्याकडं बोट केलं.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, हे काम बनाबाईला द्या. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण सगळे बघत होते, आणि मान मिळत असताना नको म्हणायला माणूस मोठा लागतो. मी मान कलती करून एक ट्रेभर डबे निवडले. साहेबांनी ते एकेक करून यंत्राला दाखवले.

दुसऱ्या दिवशी पूजा. सगळ्या मशीनांना झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, लिंबू-मिरची. दरवर्षी मी रांगोळीपुढं नारळ ठेवते आणि बनाबाई कुंकू लावते, आमचं हे ठरलेलं आहे. कॅमेऱ्यापाशी आल्यावर तिनं कनवटीची काजळाची डबी काढली.

"एवढा देखणा डोळा हाय. कुणाची तर नजर लागंल की," असं म्हणून तिनं पेटीला तीट लावली.

सगळे खदखदून हसले. देवधर साहेबही हसले. ज्याचं काम नजर ठेवायचं, त्यालाच नजर लागू नये म्हणून तीट! मी तिच्या शेजारीच उभी होते. तिचं बोट मी बघितलं. तीट पेटीच्या पत्र्यावर लागली होती, वरच्या कोपऱ्यात. काच खाली होती, पेटीच्या पोटाशी. तिथं तिचा हात गेला नव्हता.

३

दसरा झाल्यावर पट्टा सुरू झाला आणि टीव्हीत पहिला डबा आला. राखाडी गोल, त्यावर दिव्याचं पांढरं कडं, आणि डाव्या बाजूला डाग. पुसट, उभा.

मी डोळे चोळले. पण "हा डाग कसला?" हे देवधर साहेबांनी विचारलं होतं, मी नाही.

त्यांनी मलमलच्या फडक्यानं काच पुसली. दिवा बदलला. डबा बदलला. शेवटी स्क्रू ढिले करून कॅमेराच अर्धा गोल फिरवला. काचेवर डाग असता तर तो टीव्हीत जागचा हलायला नको होता आणि दिव्याचा असता तर उजवीकडं यायला हवा होता, असं ते स्वतःशीच बोलत होते. मग त्यांनी टीव्हीकडं बघितलं. डाग जरा मागंपुढं झाल्यासारखा वाटला आणि पुन्हा डाव्या बाजूला येऊन थांबला.

यंत्राला त्याचं काही वाटत नव्हतं. कृष्णातनं पलीकडून एक डबा आणला. आत डाव्या बाजूला कथलाचा हरभऱ्याएवढा गोळा, आणि यंत्रानं तो पास केला होता. तेवढ्या भागापुरतं यंत्र आंधळं होतं. मला वाटलं, माझाच आजार त्याला लागला. मी निवडलेले डबे बघून ते शिकलं, माझ्या मानेनं बघायला शिकलं. हे वेडगळ आहे, हे मलाही कळत होतं. यंत्राला काय डोळे येतात? पण चोराच्या मनात चांदणं.

संध्याकाळी देवधर साहेबांना तीट आठवली.

"काजळ! तेलकट काजळ! आत काचेच्या फटीत गेलं असणार. कुणी लावलं होतं ते?"

"मी लावलं हुतं," बनाबाई पुढं झाली. "पर पत्र्याला लावलं साहेब. काचंला बोट लागलं न्हाय माझं. देवाशप्पथ."

"मग हा डाग कुठून आला? काजळाचा नसेल तर नमुन्याचे डबे निवडणाऱ्याचे डोळे तपासायला हवेत," असं ते चिडून म्हणाले. त्यांना तसं काही म्हणायचं नसावं. पण मी कलती मान चटकन सरळ केली.

बनाबाई माझ्याकडं वळली. "हाफिजा हुती की शेजारी. सांग की गं साहेबास्नी. तू बघितलंस की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पट्टा बंद होता, त्यामुळं पत्र्यावर बसलेल्या कबुतरांचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

"माझं ध्यान नव्हतं," मी म्हणाले.

बनाबाईनं कनवटीची डबी काढली, टेबलावर ठेवली आणि पदर सावरला. दुसऱ्या दिवसापासून तिला मागच्या शेडमध्ये बसवलं. पुढच्या आठवड्यात यंत्र पुण्याला पाठवून काच तपासायची, आणि काजळ निघालं तर बनाबाईनं कारखान्यात यायचं नाही, असं ठरलं. टेबलावर मी एकटी उरले. तिच्या स्टुलावर मी डबे ठेवायला लागले, म्हणजे तो रिकामा दिसणार नाही.

४

दोन-तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मी आत थांबले. मला टीव्ही एकटीनं बघायचा होता. काचेवर खरंच कुठंतरी काजळ असेल, निदान एक ठिपका, तर माझं खोटं खरं होणार होतं. एवढीच माझी आशा होती.

बाहेर कडुनिंबाखाली बायका जेवत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आत सगळी मशीनं बंद, फक्त टीव्ही बारीक घोंगावत होता. पेटीखाली एक डबा अडकून राहिला होता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळून काच पुसली. पदर स्वच्छ राहिला. मग मी टीव्हीसमोर बसले.

डाग होता. सवयीनं मी मान उजवीकडं कलती केली.

डागानंही मान कलती केली.

मी सरळ झाले. तो सरळ झाला नाही. तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस ज्याला डाग म्हणत होते ते डोकं होतं. त्यावरून पदर घेतलेला होता. कुणीतरी बाई वाकून आत बघत होती, मी डब्यात बघते तशी. मागं कुणी उभं असेल म्हणून मी वळून बघितलं. मागं खांब होता आणि खांबाला झेंडूची वाळलेली माळ.

परत बघितलं तर गोलाच्या काठावर अंगठा होता. तो सावकाश फिरत होता, काठाला कूस आहे का ते चाचपत. आम्ही फिरवतो तसाच, कुठंही घाई नाही.

डब्याला आतून आम्ही कशा दिसत असू, हे मी आयुष्यात कधी मनात आणलं नव्हतं. त्या वेळी मला ते दिसत होतं. वरती ती होती आणि तळाशी मी होते. तिचे डोळे दिसत नव्हते, पण मला उजेडात धरून फिरवलं जातंय हे माझ्या अंगाला कळत होतं. मानेभोवती, पोलक्याच्या गळ्याच्या कडेनं, काहीतरी गार सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. तिथं तिला कूस लागली होती. माझी सगळी लाज त्या एका जागी गोळा झाली. ती मला उभी ठेवते की उपडी, एवढंच आता राहिलं होतं, आणि मी मुकाट वाट बघत बसले होते.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. पट्ट्याला हिसका बसला, डबा पुढं गेला. दुसऱ्या डब्यात नुसता डाग होता, डाव्या बाजूला, पुसट.

उपाशीपोटी भोवळ आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. छपराच्या झरोक्याची सावली पडली असेल, असंही सांगितलं. मानेवरून हात फिरवला तर तिथं काही नव्हतं.

५

सगळे कामावर येईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. देवधर साहेब आले, कृष्णात आला, पॅकिंगच्या पोरी आल्या.

"साहेब, तीट पत्र्याला होती," मी म्हणाले. "मी बघितलं हुतं. बनाबाईची काय चूक न्हाय. माझा डोळा गेलाय. गणपतीपास्नं गेलाय. नमुन्याचे डबे मी तसल्याच डोळ्यानं निवडले."

एवढं बोलायला माझ्या नाकीनऊ आले. पॅकिंगच्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या.

देवधर साहेब हसले. "अहो बाई, तुमच्या डोळ्यातला दोष यंत्राच्या टीव्हीत कसा दिसेल?"

"ते मला ठावं न्हाय. पर त्यो त्योच डाग हाय."

कृष्णात हसला नाही. त्याच्या आईच्या वयाची मी. त्यानं माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जावा. तवर टेबलावर बसू नगा." मला वाटलं, झालं. शेड लागली नशिबी. पण बनाबाई त्यातून सुटली, म्हणून मी घरी जाऊन पोटभर जेवले.

डॉक्टरकडं मौलाली बरोबर आला. मी त्याला बसमध्ये सगळं सांगितलं. फक्त टीव्हीतलं सांगितलं नाही. तो म्हणाला, "खडा लागला तवाच मला समजलं हुतं. तू सांगशील म्हणून गप बसलो."

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, अंधारात बसवलं, मग दिवा लावून एक डोळा बघितला, दुसरा बघितला. तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली. मग दिवा बंद केला.

"डोळे स्वच्छ आहेत. या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत."

"डाव्या बाजूला डाग दिसतोय डॉक्टरसाहेब. परत एकदा बघा की."

"दोनदा बघितलं बाई. डोळ्यात काही नाही."

मौलाली इतका खूश झाला की त्यानं स्टँडवर मला उसाचा रस पाजला. मी रस प्याले आणि रडले. त्याला वाटलं, आनंदानं. आजार लपवायला मी जिवाचं रान केलं होतं, आणि आता मी आजार मागत होते. मोतीबिंदू म्हणा, काहीही म्हणा. डोळ्यात काही नसेल तर मग मला जे दिसत होतं ते डब्यातच होतं.

यंत्र पुण्याला गेलं आणि आठवड्यानं तिथून निरोप आला. काच निर्मळ आहे, काजळ नाही, काही नाही. यंत्र तिथं व्यवस्थित चालतं, टीव्हीत डाग दिसत नाही. या वर्षी ते परत पाठवणार नव्हते.

६

आम्ही दोघी परत टेबलावर आलो. मी बनाबाईचा स्टूल पुसून ठेवला होता. काय बोलावं हे मला रात्रभर सुचलं नव्हतं.

"बना, मी खोटं बोललो," मी म्हणाले.

"बोललीस ते बोललीस. पुन्यांदा खरं बी बोललीस की," ती म्हणाली. "माणूस भितंय गं. च्या पी, गार हुतोय." तिनं काजळाची डबी टेबलावरून उचलली, झाडली आणि कनवटीला खोचली. ती मला दोन शिव्या देती तर बरं झालं असतं.

पट्टा सुरू झाला. मी पहिला डबा उचलला. आत बघितलं.

डाग नव्हता. मान सरळ ठेवून बघितलं, कलती करून बघितलं. तळ लखलखीत, डावी बाजू मोकळी. दुसरा डबा, तिसरा डबा, सगळे मोकळे. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी मौलालीला रात्री गोडाचं करून घालायचं ठरवलं.

दिवाळीपर्यंत असंच छान चाललं. मग एके दिवशी दुपारी माझं लक्ष सहज शेजारी गेलं. बनाबाई डब्यात बघत होती. तिची मान उजवीकडं कलती होती.

मी बघत राहिले. तिनं डबा उजेडात फिरवला, मान आणखी कलती केली आणि डबा उपडा ठेवला. पुढचा डबाही उपडा. तिच्या डावीकडं उपड्या डब्यांची रांग लागली होती.

कृष्णात दोन डबे घेऊन आला. "बनाबाई, ह्यात काय वंगाळ हाय?"

बनाबाईनं डबा हातात घेतला, खिडकीकडं धरला, परत ट्यूबलाइटखाली आणला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"डोळ्यात कचरा गेलाय," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. बना, तो कचरा नाही, तुझे डोळे चांगले आहेत, मलाही दिसायचं, असं एवढंच सांगायचं होतं. ती भ्यालेली होती, तिला लाज वाटत होती, आणि ती लाज कशी असते हे त्या कारखान्यात फक्त मला माहीत होतं. पण सांगितलं तर ते परत माझ्याकडं येईल, असं मनात आलं. का येईल, कसं येईल, काही माहीत नाही. तिची कलती मान दिसली तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं, की सुटले, आता ते तिच्यामागं आहे.

कृष्णात माझ्याकडं वळला. "मावशी, तुमी बघा. तुमचा डोळा डॉक्टरनं पास केलाय. ह्यात डाग हाय का?"

"न्हाय," मी म्हणाले. "डबे चांगले हायत."

हे खोटं नव्हतं. बनाबाईनं मान खाली घातली. तिच्या बोटांनी कनवटीची डबी चाचपली आणि हात परत टेबलावर आला. कृष्णात तिच्याकडं जरा वेळ बघत राहिला, मग त्यानं मागच्या शेडकडं बघितलं आणि तो गेला.

मी पुढचा डबा उचलला. तळाशी डाग नव्हता, कुणी वाकलेलं नव्हतं. मधोमध माझा चेहरा होता, बरीच वर्षं न दिसलेला, आणि तो वर माझ्याकडं बघत होता. डबा बघायचा, आपल्याला नाही. मी प्रयत्न केला. अंगठा काठावरून गोल फिरवला, काठ गुळगुळीत होता. डब्यात काहीही खोट नव्हती.

मी तो डावीकडं उपडा ठेवला.